परदेशी तंत्र आल्यामुळे आपली चित्रं आणि सिनेमा 'आपले' राहिले नाहीत, हे कितपत खरं?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, रागावू नका. तुम्ही उदाहरण दिलंय ते आजीच्या देवघरातल्या फोटोचं, कमळावर उभी असलेली लक्ष्मी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती, आणि म्हटलंय की अशी अस्सल देशी कला आता उरली नाही, सगळं बाहेरचं झालं. अहो, ती लक्ष्मीच तर जर्मन मशीनवरून उतरलीय!

मी पंचवीसेक वर्षं छपाईत काढली, आधी पुण्यात एका प्रेसमध्ये नोकरी आणि मग स्वतःचं दोन कलरचं मशीन टाकून लग्नपत्रिका, कॅलेंडरं, पावतीपुस्तकं, जे येईल ते. त्यामुळे देवाचा फोटो समोर आला की माझा हात जोडायच्या आधी डोळा रजिस्टर बघतो, म्हणजे एक रंग दुसऱ्या रंगावर बरोबर बसलाय की ओठाची लाली जरा हनुवटीकडे सरकलीय. आमच्या आजीकडेही ती लक्ष्मी होती. साडीवर आजीच्या सासूनं खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या, काठ तर अख्खा जरीचा. फ्रेम बदलायला काढली तेव्हा खाली बारीक इंग्रजी अक्षरांत रवि वर्मा प्रेस आणि लोणावळा असं दिसलं, तोपर्यंत घरात कोणालाच माहीत नव्हतं.

तर गोष्ट अशी. चित्रकार रवि वर्मा मूळचे केरळातले, किळिमानूरचे, जन्म १८४८. तैलरंग ही युरोपची चीज, आणि त्रावणकोर दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार आला होता, त्यानं म्हणे नीट शिकवलंही नाही, यांनी तो काम करताना बघून बघून उचललं. मग बडोद्याच्या सयाजीरावांनी पुराणातल्या प्रसंगांच्या चौदा चित्रांचं काम दिलं. पण तैलचित्र एक आणि ते राजवाड्यात, तुमच्या-आमच्या पणजीला कुठून दिसणार. बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांनी आधीच सुचवलं होतं की तुमची चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, मागणी खूप आहे. रवि वर्मांनी त्याच्या पुढची पायरी गाठली, छापखानाच इथे आणला. १८९४ साली गिरगावात सुरू झाला, मशीनं जर्मन, चालवणारे तंत्रज्ञही जर्मन. पुढे घाटकोपर, आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी म्हणा ना. धंदा काही रवि वर्मांना झेपला नाही, शेवटी तिथल्याच फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन माणसानं प्रेस विकत घेतला आणि पुढे अनेक वर्षं देव छापले.

आता जरा धंद्यातलं सांगतो, कंटाळा आला तर हा भाग सोडा. शिळाप्रेस म्हणजे लिथो, हा शोध बव्हेरियातल्या सेनेफेल्डरचा, अठराव्या शतकाच्या अगदी शेवटचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभंय. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं काढायचं, दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट भागालाच धरते. जितके रंग तितके दगड, आणि प्रत्येक कागद तितक्या वेळा मशीनखालून जाणार. म्हणजे कोणीतरी मूळ चित्राकडे बघून ठरवायचं की या गालात गुलाबी किती, पिवळा किती, आणि तो माणूस रवि वर्मा नव्हता. तो दगडावर काम करणारा कारागीर होता, ज्याचं नाव आपल्याला कोणी सांगत नाही. शेवटी वार्निश, कधी कागदावर कॅनव्हाससारखा पोत दाबायचा, की झालं ओलिओग्राफ. तैलचित्राची स्वस्तातली नक्कल, पण ती नक्कल झोपडीतही गेली आणि ज्याला देवळाच्या आत पाऊल टाकू देत नव्हते त्याच्या भिंतीवरही देवी आली. यासाठी तरी मी त्या मशीनला नमस्कार करीन.

(आणि हो, पुणेकर म्हणून सांगायलाच पाहिजे, रंगीत देव छापण्यात रवि वर्मा पहिले नव्हेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात चित्रशाळा १८७८ लाच काढली होती, रामपंचायतन वगैरे तिथून घरोघर गेलं होतं.)

आता सिनेमाकडे येतो, कारण धागा तोच आहे, अक्षरशः तोच. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यात काम, आणि मग कुठे, तर लोणावळ्याला रवि वर्मांच्या छापखान्यात ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, करायला! पुढे स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची मशीनरी बघायला जर्मनीला जाऊन आले, भागीदारांशी बिनसलं, बाहेर पडले. आणि मग मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघितला. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि डोळ्यासमोर कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. १९१२ मध्ये विमा पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, प्रिंटिंगचं यंत्र ठरवून आले. कारण कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. ती भोकं दादरच्या घरात अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाई पाडायच्या, दिवसभर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून झाल्यावर. आपला पहिला सिनेमा 'विलायती तंत्र' म्हणून ज्याला सांगायचाय त्यानं आधी या बाईंचं काय करायचं ते सांगावं.

३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याची सुरुवातीची चौकट बघा, हरिश्चंद्र, तारामती, रोहिदास कसे बसवलेत, रवि वर्माचं चित्रच हलायला लागल्यासारखं. म्हणजे जर्मन दगडावरून उतरलेली पोझ इंग्लिश कॅमेऱ्यात गेली आणि तारामतीचं काम केलं हॉटेलात आचारी असलेल्या साळुंकेंनी, कारण बाया मिळेनात. फ्रान्समध्ये मेलिएस नावाच्या जादूगार सिनेमावाल्यानं कॅमेरा थांबवून माणूस गायब करायचा, एकावर एक दोन दृश्यं घ्यायची, हे सगळं जादूचा खेळ म्हणून केलं होतं. फाळक्यांनी तीच युक्ती देव प्रकट व्हायला वापरली. तिकडे लोक टाळ्या वाजवायचे, इकडे फाळक्यांच्याच 'लंकादहन'ला राम आला की लोक लोटांगण घालायचे असं सांगतात. यंत्र एकच पण बघणारा बदलला की चित्राचा अर्थच बदलला, आणि हा बदल कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेला नव्हता.

कोल्हापुरात तर याच्याही वरताण. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे, त्यांनी जुन्या बाजारातला प्रोजेक्टर आणून उघडून बघितला आणि त्यावरून कॅमेरा घरीच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले, बाबूरावांनी पूर्ण केला. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले शांताराम बापू, म्हणजे व्ही. शांताराम, प्रभात फिल्म कंपनीचा १९३३ चा 'सैरंध्री' रंगीत करायला जर्मनीला गेले आणि रंग साफ फसले. मला या गोष्टीबद्दल फार आपुलकी वाटते, कारण रंग फसलेला जॉब हातात घेऊन गिऱ्हाइकासमोर उभं राहणं काय असतं ते मी भोगलंय. पण लगेच पुढच्या वर्षी 'अमृतमंथन'मध्ये टेलिफोटो लेन्सनं घेतलेला राजगुरूचा तो डोळा, पडदाभर नुसता डोळा, तो लोक अजून विसरले नाहीत. तिकडून आणायला गेले रंग आणि कामाला आली ती नजर.

मग काहीच बिघडलं नाही का? बिघडलं की. पण आपलं चित्र परदेशी झालं नाही, एकसारखं झालं. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची ती चित्रं, बघा, किंवा जुनी पैठणची चित्रं, मोठाले डोळे, बाजूनं दाखवलेले चेहरे, तो राम आणि रवि वर्माचा राम एका गावचे वाटतच नाहीत. छापखान्यानं एकच चेहरा सगळ्या हिंदुस्थानाला दिला, तो कॅलेंडरात गेला, सिनेमात गेला, मग टीव्हीवर, आणि आता सकाळी फॅमिली ग्रुपवर जो एआयवाला चकचकीत गणपती येतो त्यातही तीच गुळगुळीत कातडी आणि तोच मागून येणारा प्रकाश. माझी तक्रार असलीच तर ती याबद्दल आहे, आणि त्या पापात मीपण आहे, एकाच पॉझिटिव्हवरून, म्हणजे छपाईच्या फिल्मवरून, पंधरा दुकानांची कॅलेंडरं छापलीत मी, फक्त खालचं नाव बदलून.

आजीच्या लक्ष्मीची फ्रेम बदलली तेव्हा फ्रेमवाला म्हणाला, ती साडीवरची जर काढून टाकतो, काळी पडलीय, खालची प्रिंट मस्त आहे. मी म्हटलं प्रिंट कुठेही मिळेल, जर राहू दे.