टक्केवारी कशाची, हे आधी पाहावे

प्रश्न : आफ्रिकेतील विषाणूजन्य काविळीविषयी वाचताना इजिप्तमधील २००८ सालच्या एकाच पाहणीचा हवाला देऊन ‘हिपॅटायटिस सी’चे प्रमाण एका लेखात १४.७ टक्के, तर दुसऱ्यात ९.८ टक्के दिलेले आढळले. सहाराच्या दक्षिणेकडील देशांतील ‘हिपॅटायटिस बी’च्या आकड्यांत तर याहून मोठी तफावत दिसते. खरा आकडा कोणता मानावा?

उत्तर : आपण दिलेले दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. त्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांच्या रक्तात ‘सी’ विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर प्रत्यक्ष विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय घटक, ९.८ टक्के लोकांत सापडला. शरीराने विषाणू स्वतःहून हटवला किंवा औषधाने तो गेला, तरी प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे पहिला आकडा कधीतरी संसर्ग झालेल्यांचा आणि दुसरा त्या वेळी संसर्ग असलेल्यांचा ठरतो. इजिप्तमध्ये हे प्रमाण इतके वाढण्यामागे शिस्टोसोमा कृमींविरुद्ध १९५० च्या दशकापासून सुमारे तीन दशके चाललेली इंजेक्शनांची सरकारी मोहीम हे मोठे कारण होते. हेतू चांगला होता, पण सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या. पुढे २०१८ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी तपासणीत प्रतिपिंडे आढळलेल्यांची आरएनए चाचणी करून मगच उपचार ठरवले गेले.

‘बी’च्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. एचबीएसएजी हा विषाणूच्या बाह्य आवरणाचा घटक रक्तात असेल तर संसर्ग चालू आहे, आणि तो सहा महिन्यांनंतरही टिकला तर दीर्घकालीन आहे, असे समजतात. अँटी-एचबीसी ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र बऱ्या झालेल्यांतही राहतात, आणि लसीमुळे ती निर्माण होत नाहीत. म्हणून केवळ अँटी-एचबीएस, म्हणजे बाह्य आवरणाच्या त्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे, आढळले, अँटी-एचबीसी नाही, तर ते बहुधा लसीचे फळ असते. पश्चिम आफ्रिकेत लसीकरणापूर्वी वाढलेल्या पिढीत बहुसंख्यांना हा विषाणू कधी ना कधी गाठून गेलेला असतो. त्या सगळ्यांना रुग्ण म्हटले की आकडा कित्येक पटींनी फुगतो.

येथे वयही पाहावे लागते. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो, प्रौढांत ५ टक्क्यांहूनही कमी जणांत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार तिच्या आफ्रिका विभागात जगातील ‘बी’चे ६३ टक्के नवे संसर्ग होत असताना जन्मतःची लस मात्र तेथील १८ टक्केच नवजातांना मिळत होती.

नमुना कोणाचा, हेही तपासावे. कावीळ होऊन गेलेल्यांना वगळून निवडलेल्या रक्तदात्यांवरून संपूर्ण देशाचे प्रमाण काढणे मला धाडसाचे वाटते. ‘हिपॅटायटिस डी’चा आकडा तर आणखी जपून वाचावा. तो विषाणू ‘बी’च्या आधाराशिवाय पसरू शकत नाही, म्हणून त्याची प्रतिपिंडे सहसा एचबीएसएजी आढळलेल्यांतच शोधतात, आणि छापलेली टक्केवारी लोकसंख्येची नसून त्या गटाची असते.