मुलगा अग्निवीर, घरी आजारपण

प्रश्न : मुलगा दीड वर्षापासून अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात. यांना अर्धांगवायू झालाय, इतवारीतलं किराणा दुकान मी एकटी रेटतेय. काल तर गल्ला उघडाच राहिला. मुलाला मधेच परत आणता येईल का?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, चार वर्षं पुरी होण्याआधी सुटका होते, पण अपवादात्मक कारणासाठी आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी मिळाली तरच. अर्ज मुलानेच युनिटमध्ये द्यायचा. सोबत डॉक्टरांचे कागद. पैशाचं आधी बघा : पहिल्या वर्षी महिन्याच्या ३०,००० पगारातले ९,००० सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत, जातात. मधेच सुटला तर त्याने भरलेले व्याजासह मिळतील, त्यातला सरकारचा वाटा मात्र नाही. माझं ऐकाल तर आधी रजा मागू द्या, वर्षाला ३० दिवस असते. आणि दुकानात भाच्याला बसवा हो!