मुलीला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, शाळा दाद देत नाही. साताऱ्यात काय करता येईल?

ताई, तुमची मुलगी चौथीत, अनुदानित मराठी शाळेत. खासगी सायकॉलॉजिस्टनी रिपोर्टात एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं) असं लिहून दिलंय आणि शाळा म्हणते, "सरकारी सर्टिफिकेट आणा, मग बघू." तुम्ही विचारलंय की ते सर्टिफिकेट कुठं मिळेल, आणि मुलीला हे सांगायचं का. मी कराडची, माझा मुलगा याच रस्त्यानं जाऊन आता बारावीत आहे. म्हणून आधी हे सांगते की सर्टिफिकेट आणि वर्गातली मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेनं त्या तुमच्यासाठी एकत्र बांधून ठेवल्यात. सर्टिफिकेटचा खरा उपयोग दहावी-बारावीला. चौथीतल्या मुलीला उद्या सकाळी जी मदत लागते, तिला ते लागत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 16 काढून वाचा. अध्ययन अक्षमता (म्हणजेच एलडी) लवकरात लवकर ओळखायची आणि त्याप्रमाणे शिकवण्यात बदल करायचे, ही जबाबदारी त्यात शाळेची आहे. सरकारमान्य असलेली प्रत्येक शाळा यात येते. "आधी कागद आणा" असं तिथं कुठं लिहिलेलं नाही.

आता अर्ज. मुख्याध्यापकांच्या नावानं लिहा, सोबत रिपोर्टची झेरॉक्स जोडा, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. तोंडी बोललेलं पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलल्या की हवेत जातं. "सहकार्य करावे" असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येणार. नेमकं मागा. पुढच्या बाकावर बसवावं. सगळ्या वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावू नये. फळ्यावरचं उतरवून झालं नाही तर मैत्रिणीच्या वहीचा फोटो घेऊ द्यावा. परिसर अभ्यासाच्या पेपरात उत्तर बरोबर असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. घटक चाचणीतले काही प्रश्न तोंडी घ्यावेत. यातल्या एकालाही पैसा लागत नाही, त्यामुळं नाही म्हणणं शाळेला अवघड जातं.

गणिताचं वेगळं लिहा. माझा मुलगा "सत्तावन्न" ऐकलं की 75 लिहायचा. यात त्याचा आळस नव्हता. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, पण लिहिताना उलटं. बाकीची पोरं हे सवयीनं पचवतात, एलडीवालं पोर तिथंच अडकतं. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीससाठी "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं चेष्टा केली. आमच्या घरात कुणी हसलं नाही. तेव्हा संख्या नुसती बोलून न सांगता फळ्यावर लिहूनही दाखवावी, एवढं अर्जात घालाच.

शाळेनं तरीही हात झटकले तर थेट जिल्हा परिषदेत धावू नका. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जा. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेखाली समावेशित शिक्षणाचे (म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्याच वर्गात शिकवण्याचे) विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून काम करतात, त्यांना शाळाभेटीला पाठवा म्हणून लेखी मागा. वर्गशिक्षिकेशी मात्र भांडू नका. चाळीस-पन्नास पोरांचा पट, वर सरकारी माहित्या भरायच्या, त्या बाईंनाही हे कुणी शिकवलेलं नसतं. पण बाई तुमच्या बाजूनं असतील तर निम्मं काम झालं समजा.

सर्टिफिकेटचं आता. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज भरायचा. आपल्याकडचं सिव्हिल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. एलडीची तपासणी तिथंच होते की पुण्याला ससूनला जावं लागेल, हे निघण्याआधी दिव्यांग कक्षात विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडतो. केंद्राच्या 2018 च्या सूचनांप्रमाणं आठ वर्षांच्या आत हे प्रमाणपत्र देत नसत, आणि चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी असायची; आत्ताचा नियम तिथंच विचारून घ्या. त्या हिशेबानं तुमची मुलगी वयात बसते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक असे तिघं तपासतात. त्याआधी डोळे आणि कान तपासून रिपोर्ट जवळ ठेवा. जुन्या वह्या रद्दीत घालू नका. लाल शाईनं भरलेली वही तपासणाऱ्याला जे सांगते, ते आपल्याला बोलून सांगता येत नाही.

एक गोष्ट आवर्जून विचारा: चाचणी कुठल्या भाषेत झाली? मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी शब्द वाचायला देऊन निष्कर्ष काढला असेल तर तो रिपोर्ट लंगडा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं "डाली" नावाची चाचणी केली आहे, ती मराठीतही आहे.

मुलीला सांगायचं का? सांगा. ती स्वतःला "ढ" म्हणून घेतच असणार, त्यापेक्षा खरं कारण कळलेलं बरं. नातेवाइकांना मात्र सांगितलंच पाहिजे असं काही नाही. "पुढं लग्नात अडचण येईल" म्हणून शाळेपासूनच लपवायचा सल्ला तुम्हाला मिळेल, मलाही मिळाला होता. ताकाला जाऊन भांडं लपवून चालत नाही. सवलत हवी तर शाळेला सांगावंच लागतं.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जातो. तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक (मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) मिळतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, आणि त्याला आयत्या वेळी शोधू नका. सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं, सहामाहीपासून त्याच मुलासोबत सराव हवा. जादा वेळ डोळे झाकून घ्या. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घ्यायची सवलत मात्र शाळा स्वतःहून पुढं करते, कारण त्यानं निकाल सुधारतो. तिथं थांबा. ती घेतली की पुढं सायन्स आणि इंजिनिअरिंग डिप्लोमाची वाट अडते. आम्ही ती घेतली नाही, मुलगा गणितात काठावर पास झाला आणि आज सायन्सला आहे. तुमच्या मुलीला गणिताचा खरोखरच जाच होत असेल तर जरूर घ्या, पण नववी सुरू व्हायच्या आत तिला विचारून ठरवा.