‘सर, गर्व जाता जात नाही’: भुसावळच्या एका आप्पांची गोष्ट

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भुसावळ तापलेलं, कूलरमध्ये बादल्या ओतून ओतून माझा जीव गेलेला, अशा दुपारी साडेतीनला माझ्याकडे सल्ल्यासाठी एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, मागे त्यांच्या मिसेस. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले, "सर, माझ्यात गर्व आहे, मला माहीत आहे ते. तीन महिने प्रार्थना करतोय, एकवीस दिवस उपवास केला, जात नाही. माझं तारण झालंय की नाही असाच डाऊट यायला लागलाय."

तारण म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या भाषेत पापातून सुटका. हा प्रश्न मला वर्षातून सात-आठ जण तरी विचारतात, शब्द वेगवेगळे असतात, म्हणून त्यांच्या परवानगीने आणि थोडे तपशील बदलून लिहितोय. त्यांना आपण आप्पा म्हणू.

आप्पा रेल्वेत गार्ड होते. मालगाडीपासून सुरुवात, मग पॅसेंजर, मग मेल-एक्सप्रेस, २०१९ ला रिटायर. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने गार्ड हे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं ते त्यांना अजून पटलेलं नाही, "आम्ही गार्ड होतो, मॅनेजर हॉटेलात असतो" असं म्हणतात. आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांची ओळख म्हणजे पेटी. पंचवीस वर्षं रविवारच्या भक्तीला पेटी आप्पांची. उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक त्यांना न उघडता येतं, कुठल्या गीताला कुठली पट्टी, कुठल्या म्हातारीचा आवाज कुठे तुटतो, सगळं पाठ. पेटी जुनी आहे, पावसाळ्यात एक सूर अडकून वाजतच राहतो, तिथे बसच्या तिकिटाची घडी कशी सरकवायची हे फक्त त्यांनाच माहीत.

मग मंडळीत एक पोरगा आला, एकोणीस वर्षांचा, कीबोर्डवाला. पाळकांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, नाताळच्या प्रोग्रामला त्याला दोन गाणी दिली. पोराने भलत्याच वरच्या पट्टीत सुरू केलं, बायकांना आवाज पोचेना, गाणं विस्कटलं, आणि आप्पा समोर बसल्या बसल्या बोलले, "ए, हा काय लग्नाचा बँड आहे का? आधी सूर धरायला शीक." माईक शेजारीच होता, चालू होता. दीडशे माणसांनी ऐकलं. पोराने शांतपणे वायर गुंडाळली आणि निघून गेला. जानेवारीत मंडळीची भरीत पार्टी झाली शेतात, काट्याकुट्या पेटवून वांगी भाजणं, कळण्याच्या भाकरी, सगळं, त्याला ते घर आलं नाही. त्यानंतर रविवारीही नाही.

आता गंमत बघा, हे सगळं मला आप्पांनी पहिल्या दिवशी सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं ते उपाय. उपवास केला. पेटी सोडली, "माझा मीपणा त्या पेटीत आहे" म्हणून. दर शनिवारी मंडळीचं संडास-बाथरूम धुवायला लागले, झाडू मारायला लागले, आणि लोक म्हणायला लागले बघा आप्पा, एवढा मेल-एक्सप्रेसचा गार्ड, पण किती नम्र. "आणि सर," ते हळू आवाजात बोलले, "ते ऐकून मला इतकं बरं वाटायचं की शनिवारची मी वाट बघायला लागलो. आता सांगा मी काय करू?"

मला हसू आलं, पण त्यांच्या डोळ्यात पाणी होतं म्हणून आवरलं.

नाताळचा तो किस्सा मिसेसनी सांगितला, तोही उठता उठता. "यांनी सगळं केलं सर, त्या पोराच्या घरी मात्र गेले नाही." आप्पा लगेच, "त्याचा काय संबंध? मी देवासमोर कबूल केलंय ना."

मी त्या दिवशी फक्त एक काम दिलं. गार्ड माणूस, आयुष्यभर कुठल्या स्टेशनला गाडी किती वाजता आली, किती मिनिटं थांबली, का थांबली हे लिहीत आलेला. म्हटलं आप्पा, एक आठवडा तशीच नोंद ठेवा. कान गरम झाले की वेळ लिहायची, समोर कोण होतं, काय बोललं. "मी गर्विष्ठ आहे" असलं काही लिहायचं नाही, त्याने काही कळत नाही. गाडी लेट झाली एवढं लिहून गार्डचं भागत नाही, कुठे आणि कशामुळे ते लिहावं लागतं.

आठवड्याने वही घेऊन आले. अक्षर मोत्यासारखं. अकरा नोंदी. "१९:४२, प्रार्थना सभा, तरुण संघाच्या सेक्रेटरीने बसायची जागा मला न विचारता बदलली." "०८:१५, मुलाने गाडीची सर्व्हिसिंग कुठे करायची ते परस्पर ठरवलं." अशा. आम्ही दोघांनी मिळून मोजलं तर अकरापैकी आठ ठिकाणी एकच गोष्ट, वयाने लहान माणसाने त्यांना विचारलं नाही. पाळक ओरडले तरी त्यांना काही होत नव्हतं, साहेबांचं ऐकायची सवय होती. ठिणगी पडायची ती फक्त तिथेच. आप्पा बराच वेळ वहीकडे बघत बसले, मग बोलले, "बत्तीस वर्षं मी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलली नाही सर. आता सगळ्या गाड्या हलतात."

इथे मला माझं मत सांगू द्या. गर्व गर्व म्हणून आपण ज्याला झोडपतो ना, त्याच्या खाली बऱ्याचदा एक साधी भीती असते, की आता आपली गरज उरली नाही. त्याने गर्व माफ होतो असं नाही, त्या पोराचा अपमान झाला तो झालाच. पण भीती असेल तर तिला उपवास घालून ती मरत नाही, उलट जास्त ओरडते.

मग मी त्यांना बायबलमधली नामानाची गोष्ट काढून वाचायला सांगितली, २ राजे ५ वा अध्याय. अरामाचा सेनापती, अंगावर कोड, घोडे रथ सोनं चांदी घेऊन अलीशाच्या दारात उभा, आणि संदेष्टा बाहेर पण येत नाही, निरोप पाठवतो की जा, यार्देन नदीत सात वेळा अंघोळ कर. हा भडकला. म्हणे आमच्या दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, नद्या काय वाईट आहेत का. निघाला परत. तेव्हा नोकरांनी त्याला समजावलं की बाबा, एखादी मोठी अवघड गोष्ट सांगितली असती तर केली असती ना तुम्ही, मग ही तर साधी आहे. मी आप्पांना म्हटलं, तुमचे एकवीस दिवस ही अवघड गोष्ट आहे, संडास धुणं पण अवघड आहे, आणि ते सगळं तुम्ही करताय कारण साधी गोष्ट करायची नाहीये.

ते काही बोलले नाहीत. बाहेर कुठलीतरी गाडी शिट्टी देत गेली आणि त्यांनी सवयीने घड्याळ बघितलं.

खरी गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. त्या पोराचे वडील गँगमन होते. "सर, मी ब्रेकव्हॅनमधून जायचो, तो रुळाच्या कडेला हातात फावडं घेऊन उभा असायचा." मग अजून एक वाक्य बोलले, ते मी इथे लिहीत नाही, ते घर मूळचं कुठल्या वस्तीतलं त्याबद्दल होतं. आपल्या मंडळ्यांमध्ये हे कोणी उघड बोलत नाही, बाप्तिस्म्याच्या पाण्यात सगळं धुतलं गेलं म्हणतात, पण कोण कोणाच्या घरी चहा पितो ते जरा बघा म्हणजे कळेल किती धुतलं गेलं ते. आप्पा त्या घरी कधी चहा प्यायले नव्हते. बोलवायचे ते लोक, यांना नेहमी "आत्ताच घेतला" असायचा.

माफीची आम्ही रीतसर प्रॅक्टिस केली, हसू नका, ती करावी लागते. पहिली माफी अशी होती, "माझं चुकलं, पण तुझी पट्टी खरंच चुकली होती." मी म्हटलं पण खोडा. दुसरी, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." म्हटलं आप्पा, पोरगा पाच महिने भक्तीला आला नाही, अजून असेल तर आहेच का? तिसऱ्या वेळी ते अडकले, पाणी प्यायले, आणि एकदम घरच्या बोलीत आले, ते मूळचे अमळनेरकडचे, "मनं चुकनं रे भाऊ." बस. म्हटलं हेच बोला, याच्यापुढे एक शब्द जोडू नका.

यावर काही जण विचारतात की मग नम्र व्हायचं म्हणजे सगळ्यांचं ऐकून घ्यायचं का, कोणी पण येऊन तुडवून जायचं का. नाही हो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "बहिणी, नम्र हो" सांगणारे महाभाग मी पाहिलेत आणि मला त्यांची चीड येते. प्रभू येशूला प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, योहान १८ मध्ये आहे, मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस असं त्याने सरळ विचारलं. आणि पाच अध्याय आधी हाच प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धूत होता. म्हणजे दोन्ही एकाच माणसाने केलं. आप्पांची केस वेगळी होती, तिथे मारणारे आप्पा होते.

तर गेले एका संध्याकाळी. पोराचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान घरालाच लागून आहे. त्यानंतर माझ्याकडे आले ते तणतणतच. "सर, मी बोललो, जसं ठरलं तसं बोललो, आणि तो काय म्हणाला माहीत आहे का? ‘हा आप्पा.’ एवढंच! हातात कोणाचा तरी फोन उघडलेला, स्क्रू शोधत होता. हा आप्पा!"

मी विचारलं, तुम्हाला काय टाळ्या पाहिजे होत्या का?

मिसेस आधी हसल्या, मग ते पण हसले, आणि बऱ्याच महिन्यांनी हसत असावेत असं मला वाटलं. पुढचं सांगितलं ते हळू सांगितलं. आतून पोराचे वडील आले, "या आप्पा, बठा ना, च्या ल्या." आप्पांच्या तोंडात "आत्ताच घेतला" आलंच होतं. तेव्हा त्यांना प्रभूचा शिष्य पेत्र आठवला म्हणे, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत म्हणणारा, आणि दुसऱ्याकडून घेणं हे देण्यापेक्षा किती जड जातं ते तिथे खुर्चीत बसून कळलं. स्टीलच्या ग्लासात चहा आला, फुल दुधाचा, साखर भरपूर. "शुगर आहे सर मला. पूर्ण प्यायलो."

तारणाच्या डाऊटचं काय, असं तुम्ही विचाराल, कारण मूळ प्रश्न तोच होता. त्यावर मी फार बोललो नाही. एवढंच दाखवलं की शेवटच्या भोजनाला, प्रभूच्या हातची भाकर खाऊन झाल्यावर, शिष्य आपल्यात मोठा कोण यावर भांडत होते, लूक २२. त्याने त्या रात्री कोणालाच टेबलावरून उठवलं नाही. गर्व आहे म्हणून तारण नाही, हे गणित पेत्रालाच लागू पडत नाही तर आप्पांना कुठून पडणार. देवळात स्वतःच्या धार्मिकपणाची बढाई मारणाऱ्या ज्या परूश्याची गोष्ट आपण ऐकतो, त्याला रात्री झोप येत नव्हती असं कुठे लिहिलंय का? आप्पांना येत नव्हती.

शेवटच्या भेटीला त्यांनी आपणहून एक गोष्ट काढली. कवी ना. वा. टिळकांना बायबलचा नवा करार मिळाला तो रेल्वेच्या डब्यात, नागपूरहून राजनांदगावला जाताना, एका गोऱ्या प्रवाशाने दिला, आणि १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आप्पांना ही गोष्ट फार आवडते, रेल्वेची आहे म्हणून. "टिळकांची गीतं मी पंचवीस वर्षं वाजवली सर, पण तो पुस्तक देणारा कोण होता ते आमच्यात कोणाला विचारलं तर सांगता येत नाही. आणि त्या गाडीचा गार्ड कोण होता ते तर देवालाच ठाऊक." मग म्हणाले, गार्ड असतो शेवटच्या डब्यात, मागे एलव्हीची, म्हणजे लास्ट व्हेइकलची, पाटी आणि लाल दिवा, तो दिसला की स्टेशनवाल्याला कळतं गाडी पूर्ण आली. आता हे ऐकून मला इतका मोह झाला की हे रविवारच्या संदेशात वापरावं, मनातल्या मनात मी तीन पॉइंट पण काढले, आणि आप्पा समोर बसलेले असताना त्यांचं बोलणं सोडून मी स्वतःच्या प्रवचनाला दाद देत होतो. नंतर जळगावला पाळकांच्या बैठकीत ही केस सांगितली तेव्हाही पकडला गेलो, खऱ्या भेटीत मी जे बोललो त्यापेक्षा बरीच चांगली वाक्यं स्वतःच्या तोंडी घातली होती. इथे लिहिताना काही खोडली आहेत. सगळी नाही.

पोरगा आता येतो. एक रविवार कीबोर्ड, एक रविवार पेटी, असं पाळकांनी ठरवून दिलंय. पावसाळ्यात तो सूर अडकला तेव्हा पोरानेच फोन केला, आप्पांनी जाऊन तिकिटाची घडी कुठे सरकवायची ते त्याला दाखवलं, आता दोघांना माहीत आहे.

वही अजून चालू आहे. परवा फोन आला, म्हणाले नवीन नोंद वाचून दाखवतो. "रविवार, १०:१७. पोराने तिसरं कडवं गाळलं. कान गरम. मंडळीत काही बोललो नाही. घरी येऊन बायकोला अर्धा तास बोललो."