वेल माजला, पण फूल नाही

बागकाम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यातल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली: झाड तरारलंय, पण फुलायचं नाव नाही. त्यापुढे ठरलेला प्रश्न, कोणतं खत घालू? यातल्या बहुतेक झाडांना खत नको आहे, लांब रात्र हवी आहे. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली.

प्रश्न : जूनच्या पहिल्या पावसाला पावट्याचं गावठी बी गच्चीवर लावलं. जाळी भरून वेल शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढला. गणपती झाले तरी एक कळी नाही. शेणखत दिलं, मग युरियाही दिला. काय चुकलं? (वाचक, ऐरोली)

युरिया चुकला, बाकी काही नाही. गावठी वेलाचा पावटा आणि वाल दिनमान बघून फुलतात. आपल्याकडे, म्हणजे साधारण १९ अंश अक्षांशावर, २१ जूनच्या आसपास दिवस सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरात तो अकरा तासांच्या जरा खाली येतो. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, पण वेलाला तेवढा पुरतो. जूनमध्ये उगवलेला वेल चार महिने नुसता वाढतो आणि सप्टेंबरच्या शेवटी रात्र बारा तासांकडे सरकली की कळ्यांची तयारी करतो. तोवर दिलेलं नत्र पानांत जातं.

आता नत्र पूर्ण बंद करा. शेंडे खुडा, जाळीच्या आत गर्दी करणारी जुनी पानं काढा. पाणी एक दिवसाआड चालेल. ऑक्टोबरात तुरे दिसतील, नोव्हेंबर-डिसेंबरात शेंगा. त्याच सुमाराला कोवळ्या तुऱ्यांवर काळा मावा बसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो सकाळीच धुऊन काढा, संध्याकाळी नको.

पुढच्या वर्षी गावठी बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा. वेल पुरुषभर उंचीचा होतो तोवर फुलायची वेळ येते, म्हणून २५-३० लिटरची पिशवी पुरते आणि टाकीही मोकळी राहते. रायगडात भात निघाल्यावर शेताच्या ओलीवर वाल पेरतात. तिथे ओल हे कारण आहेच, पण तेव्हाच्या लांब रात्रींमुळे वाल फार पसरत न बसता फुलावर येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत पोपटीला (मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला) शेंगा मिळतात.

उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात शेंगा हव्या असतील तर दिनमान न मानणारी झुडपी जात घ्या. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या तशा जाती आहेत. त्या वयावर फुलतात, कधीही पेरा, साधारण दोन महिन्यांत तोड्याला येतात. चवीला मात्र त्या कडव्या वालाच्या बिरड्याची बरोबरी करत नाहीत, असं आमचं मत.

प्रश्न : मग गावठी वालाची चव आणि झुडपी जातीचा हळवेपणा (लवकर फुलण्याचा गुण) एका झाडात आणता येईल का? गावी, पनवेलजवळ, दोन गुंठे मोकळे आहेत. घाई नाही. (वाचक, नेरूळ)

येईल. घाई नाही हे बरं आहे, कारण याला चार-पाच वर्षं लागतात.

आधी वारसा कसा चालतो ते. वालात दिनमान मानण्याचा गुण सहसा प्रभावी असतो (संकरात तोच दिसतो) आणि न मानण्याचा अप्रभावी (तो झाकला जातो). वेल होणं प्रभावी, झुडूप होणं अप्रभावी. त्यामुळे संकराची पहिली पिढी सगळी वेलांची आणि गरवी (उशिरा फुलणारी) निघते. ती बघून पुष्कळ जण बी फेकून देतात. हळवेपणा त्यात झाकलेला असतो. दुसऱ्या पिढीत चारात एक झाड हळवं निघतं, आणि दोन्ही गुण स्वतंत्रपणे वाटले गेले तर हळवं शिवाय झुडपी असं सोळांत एक. असं एक तरी झाड मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर निदान ४७ झाडं लागतात. पण एकाच झाडातून चव कशी निवडणार? दोनशे लावा, म्हणजे निवडायला दहा-बारा हाताशी येतील.

संकर करताना झुडपी जात आई ठेवा, गावठी वेल बाप. कारण व्यवहाराचं आहे: वाल स्वतःच्याच परागाने फळतो, आणि तुमचा हात चुकून आईचंच बी धरलं गेलं तर उगवणारं रोप झुडपी असेल. खरा संकर वेल होईल. रोपं हातभर झाली की झुडपी उपटून टाका. आई पांढऱ्या फुलाची आणि बाप जांभळ्या फुलाचा असेल तर फुलावर दुसरी खूण मिळते, कारण जांभळा प्रभावी आहे.

संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी फुगलेली पण बंद कळी निवडा. बारीक चिमट्याने वरची पाकळी मागे सारा, नावेसारखी आतली पाकळी हलकेच फाडा आणि दहाही पुंकेसर काढा. नऊ एका गठ्ठ्यात असतात, दहावा सुटा. राहतो तो नेमका हाच. कुक्षीला चिमटा लागू देऊ नका. तुऱ्यावरच्या बाकीच्या कळ्या खुडा, कागदी पिशवी बांधा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान बापाच्या ताज्या फुलातला पराग कुक्षीला लावा, दोरा बांधून तारीख लिहा आणि पिशवी पुन्हा चढवा, नाहीतर काळे भुंगे आपला संकर करून जातात. दहातल्या सात-आठ कळ्या गळतील, ते गृहीत धरून भरपूर कळ्यांवर काम करा. दोन्ही झाडं एकाच वेळी फुलायला हवीत, म्हणून हे नोव्हेंबरातच जमतं.

खरी गफलत होते ती निवडीच्या वेळी. दुसरी पिढी ऑक्टोबरात पेरली तर सगळीच झाडं फुलतात, हळवं कोणतं नि गरवं कोणतं कळत नाही. निवड लांब दिवसांतच व्हायला हवी. आपल्याकडे तेरा तासांहून मोठा दिवस साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मिळतो, म्हणून एप्रिलअखेर पेरा आणि जून-जुलैत कळी कोणाला येते ते बघा. शेंगेची वाट बघू नका, पावसात फुलं झडतात. कळी दिसली की झाडाला फडकं बांधा. शेतात वीज असेल तर दुसरा मार्ग अधिक सोयीचा: ऑक्टोबरात पेरून सूर्यास्तापासून साडेनऊपर्यंत ओळीवर दिवे लावा. दिवस पंधरा तासांचा होतो, फुलेल ते हळवं, आणि कोरड्या हवेत बीही नीट धरतं.

अप्रभावी गुणाचा एक फायदा असा की जे झाड हळवं दिसलं ते त्या गुणापुरतं शुद्धच असतं. चव, शेंगेची लांबी, दाण्याचा कडवटपणा हे मात्र पुढच्या तीन-चार पिढ्या झाडागणिक वेगवेगळे निघत राहतात. प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा, वेगळ्या ओळीत पेरा आणि दर पिढीला ओळीगणिक बिरडं करून बघा. चव तपासायला याहून चांगलं यंत्र नाही.

प्रश्न : वनस्पतिशास्त्र शिकतो आहे. भांगेच्या ‘ऑटोफ्लॉवर’ (स्वयंफुली, म्हणजे दिनमान न बघता वयावर फुलणाऱ्या) वाणांबद्दल वाचलं. हा गुण आला कुठून? वारसा वालासारखाच का? आणि असा संकर इथे करून बघता येईल का? (विद्यार्थी, ठाणे पश्चिम)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या २०व्या कलमानुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कुंडी एकच असली तरी ती लागवडच. धागा आणि बियांसाठी परवान्याने लागवड करता येते. उत्तराखंडाने २०१८ पासून तसे परवाने दिले, त्यातही नशेच्या घटकाची मर्यादा ०.३ टक्के.

शास्त्र मात्र वाचण्यासारखं आहे. दिनमानाचा फुलण्याशी संबंध पहिल्यांदा दिसला तो याच झाडात. १९१२च्या सुमाराला पॅरिसमध्ये ज्यूलियन तूर्न्वा यांना हिवाळ्यात काचघरात पेरलेली भांगेची रोपं अगदी लहान असतानाच फुललेली आढळली. गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरून सर्वसाधारण नियम मांडला तो १९२० साली.

स्वयंफुली गुण उत्तरेकडच्या रानटी झाडांतला. रशियाच्या आग्नेय भागातल्या अशा खुज्या झाडांना यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये ‘रुडेरॅलिस’ हे नाव दिलं. तिकडे उन्हाळ्यातला दिवस सोळा-सतरा तासांचा आणि हिमाशिवायचे महिने थोडे. रात्र मोठी होण्याची वाट बघणारं झाड बी धरण्याआधीच गोठेल, म्हणून काही आठवड्यांच्या वयावर फुलणारी झाडं टिकली. फिनलंडचं ‘फिनोला’ हे बियांसाठीचं हळवं वाण याच धाटणीचं.

वारसा साधारण वालासारखाच: मुख्य जनुक एक आणि अप्रभावी, पहिल्या पिढीत झाकलेलं, दुसरीत चारात एक. त्यामुळे हा गुण दुसऱ्या वाणात नेताना प्रत्येक प्रतिसंकरानंतर (त्या वाणाशी पुन्हा केलेल्या संकरानंतर) एक पिढी आपापसांत वाढवून तो उघडा पाडावा लागतो आणि कालावधी जवळपास दुप्पट होतो. शिवाय भांगेत नर-मादी झाडं सहसा वेगळी आणि पराग वाऱ्यावर दूर जातो, म्हणून वालाइतकं शुद्ध बी राखणं सोपं नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासाला घ्या. युरोपातली बहुतेक धाग्याची वाणं चौदा तासांच्या आसपासचा दिवस उतरला की फुलतात. आपला सर्वांत मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा. ती इकडच्या अक्षांशावर गुडघाभर असतानाच फुलतील, धागा मिळणार नाही. उष्ण कटिबंधात धाग्यासाठी उशीर हवा असतो, हळवेपणा नव्हे.

प्रश्न : पॉइन्सेटिया गेल्या डिसेंबरात लालभडक आणला होता. आता पानं हिरवीगार, पण लाल काही होत नाही. बाल्कनीसमोर रस्त्याचा नवा एलईडी दिवा आहे. (वाचक, घोडबंदर रोड)

तो दिवाच. झाड दिवस नव्हे, अखंड काळोख मोजतं. हॅमनर आणि बॉनर यांनी १९३८ मध्ये गोखरूसारख्या एका तणावर दाखवलं की लांब रात्रीच्या मध्यात थोडा उजेड पडला तरी फुलणं रद्द होतं. पॉइन्सेटियाला दहा-वीस लक्स इतका मंद उजेडसुद्धा भोवतो. रात्री कुंडीपाशी वर्तमानपत्राचा मजकूर वाचता आला तर उजेड जास्त आहे असं समजा.

१ ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, सलग चौदा तास, झाकण हवं. आठ ते दहा आठवडे. एक दिवस विसरलात तर फार बिघडत नाही, आठवड्यातून दोनदा विसरलात तर रंग चट्ट्याचट्ट्यांचा येतो. प्लास्टिक किंवा बंद खोका नको: ऑक्टोबरच्या उकाड्यात आत हवा तापते आणि रात्रीचं तापमान २४ अंशांच्या वर राहिलं तर रंग लांबतो. काठ्यांच्या चौकटीवर काळं सुती कापड दुहेरी टाका, खालून चार बोटं मोकळं सोडा, पण ती फट दिव्याच्या बाजूला नको. घरात न्यायची तर दिवा न लागणाऱ्या खोलीत. स्वयंपाकघर नको, रात्री पाणी प्यायला उठणारा दिवा लावतोच.

बाल्कनीतल्या शेवंतीलाही हाच उपाय, फक्त झाकण कळ्यांना रंग दिसेपर्यंतच.

प्रश्न : ड्रॅगनफ्रूटलाही रात्री झाकू का? (वाचक, खारघर)

उलट. ते लांब दिवसांत फुलतं. बागायतदार हिवाळ्यात रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ काढतात. गच्चीवरच्या दोन खांबांसाठी तो खटाटोप परवडणारा नाही. मार्चनंतर नवे फुटवे विरळ करा, जुन्या, खांबावरून खाली लोंबणाऱ्या फांद्या ठेवा. फूल त्यांवरच येतं.