राहिलेली प्रार्थना भरून काढायची का?

रोजची प्रार्थना नेमानं व्हावी असं मनापासून वाटतं, काही दिवस ती होतेही, मग एक दिवस चुकतो आणि सगळंच सुटतं. माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून ही खंत वारंवार ऐकू येते. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा तपश्चर्येचा काळ, संपल्यावर जरा जास्तच.

वसई तालुक्यातल्या एका ताईंचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीचं, नोकरी मुंबईत, सासूबाई अंथरुणावर, मुलगा दहावीत. एका रिट्रीटमध्ये, म्हणजे आध्यात्मिक शिबिरात, त्यांना प्रहरप्रार्थनांची, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळांना म्हणायच्या ख्रिस्तसभेच्या प्रार्थनांची, गोडी लागली. वाचनाची, सकाळची, दिवसभरातल्या तीन छोट्या, संध्याकाळची आणि झोपण्यापूर्वीची, अशा सातही त्यांनी एकदम सुरू केल्या. मोबाइलवर अ‍ॅप होतंच.

"मॅडम, ज्या राहतात त्या मी रात्री बसून पुऱ्या करते," त्या म्हणाल्या. "परवा सकाळची प्रार्थना साडेअकराला म्हटली. डोळे मिटत होते. तरी दोन बाकीच राहिल्या. आता पुस्तक उघडायचीच भीती वाटते."

मी आधी एक गोष्ट विचारून घेतली. लक्ष विचलित झालं तर स्तोत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावं लागतं का? शब्द चुकला तर काही वाईट घडेल असं वाटतं का? उत्तर "हो" असेल, तर तो मंत्रचळाचा (ओसीडीचा) त्रास असू शकतो. तिथे वेळापत्रक बदलून भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं, आणि पापनिवेदनासाठी दहा ठिकाणी न जाता एकाच जाणत्या धर्मगुरूंकडे जावं, असं मी सांगते. ताईंना तसं काही नव्हतं. त्या फक्त थकल्या होत्या, आणि आपण देवाचं देणं थकवलंय असं त्यांना वाटत होतं.

हे देणं आलं कुठून? ख्रिस्तसभेनं तर ते त्यांच्यावर घातलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेचा, उपासनाविधीवरचा दस्तऐवज १९६३ सालचा आहे. त्यानुसार या प्रार्थना म्हणण्याचं बंधन धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर आहे. प्रापंचिकांना प्रोत्साहन आहे, सक्ती नाही. याच दस्तऐवजात सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला रोजच्या उपासनेच्या दोन बिजागऱ्या म्हटलं आहे. शिवाय प्रत्येक प्रार्थना शक्यतो तिच्या खऱ्या वेळेला म्हणावी, असंही त्यात आहे. परिषदेनंतरच्या सुधारणेत स्तोत्रसंहितेची, म्हणजे या प्रार्थनांत म्हटल्या जाणाऱ्या बायबलमधल्या स्तोत्रांची, वाटणी एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांवर केली गेली. म्हणजे ज्यांच्यावर बंधन आहे त्यांचाही भार हलका झाला, आणि नोकरी, स्वयंपाक, रुग्णसेवा सांभाळणाऱ्या ताई मात्र सगळा भार उचलायला निघाल्या होत्या.

मी त्यांना बायबलमधलं जखऱ्याचं, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांचं, स्तोत्र काढायला सांगितलं. ते सकाळच्या प्रार्थनेत रोज येतं. अंधारात बसलेल्यांवर वरून उजाडणार आहे, असं त्याच्या शेवटी आहे. "हे तुम्ही मध्यरात्री कशाला म्हणता?" त्या थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. गेलेली सकाळ रात्री वसूल करता येत नाही, आणि ती कुणी मागतही नाही. हे पटायला त्यांना दोन भेटी लागल्या.

मग आम्ही फक्त दोन वेळा धरल्या. सकाळची प्रार्थना लोकलमध्ये: नायगाव मागे पडून गाडी खाडीच्या पुलावर आली की मोबाइल उघडायचा. घड्याळ बघून ठरवलेली वेळ घरच्या धावपळीत हुकते, पूल मात्र रोज येतो. उभं राहावं लागलं तर एकच स्तोत्र, बसायला मिळालं तर सगळी. रात्रीची प्रार्थना मुळातच छोटी आहे. ती अंथरुणावर बसून.

रात्रीच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला दिवसाकडे मागे वळून बघायचं असतं. ताई तिथे राहिलेल्या प्रार्थनांची यादी करत बसायच्या. मी म्हटलं, त्याऐवजी आज कुणाशी कसं वागलो ते बघा. पहिल्याच आठवड्यात सासूबाई आठवल्या. संध्याकाळची प्रार्थना वाचायची म्हणून ताई त्यांच्याबरोबरची रोझरी (मरियेची जपमाळ) टाळत होत्या! आता रोझरी पुन्हा एकत्र होते, आणि शेवटी मरियेचं स्तोत्र म्हणतात, जे संध्याकाळच्या प्रार्थनेतही असतंच. मला हा सगळ्या बदलांतला सर्वांत मोलाचा वाटतो.

एक दिवस चुकला की सवय मोडते, ही भीतीही खरी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. पण माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ इतका बदलत होता, आणि अधूनमधून एखादी वेळ चुकल्यानं फारसा फरक पडत नव्हता.

मध्यंतरी ताईंनी विचारलं, "शुक्रवारी रात्री ८८वं स्तोत्र येतं. किती काळोख आहे त्यात! माझा दिवस चांगला गेलेला असला तरी तेच म्हणायचं?" ही प्रार्थना एकट्याच्या मनःस्थितीची नसते, सगळ्या ख्रिस्तसभेच्या नावानं ती म्हटली जाते, त्या रात्री कुणीतरी खरंच त्या काळोखात असतं, त्याच्यासाठी म्हणा, असं मी सांगितलं. आता दर शुक्रवारी त्या कुणाचं तरी नाव मनात धरून ते वाचतात.

दुपारच्या प्रार्थनेला त्यांनी अजून हात लावलेला नाही. मुलाची दहावी झाली की बघू, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही जमली तरी चालेल.