फलक शेवटी लावा, आधी वीजबिल काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात एक छोटं वस्तुसंग्रहालय आहे, त्याला लागून सार्वजनिक बाग आहे आणि तुम्ही दोन्हींच्या समितीवर आहात. 'हवामान बदलावर काहीतरी करा' असं बैठकीत ठरलं, पण पैसा फारसा नाही, आणि बहुतेक सदस्यांना वाटतं की चार माहितीफलक लावले की काम झालं. अशा जागा खरंच काही करू शकतात का?

करू शकतात, आणि पुष्कळ करू शकतात. मी बारा वर्षं एका वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागात काम करते आहे आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना झाडं दाखवायला बागांमधून फिरवते, त्या अनुभवावरून सांगते. फलकांना माझा विरोध नाही, पण ते अगदी शेवटी लावा. ज्या इमारतीत दिवसभर एसी घुमतोय आणि ज्या बागेत पालापाचोळा जळतोय, तिथला फलक कोणी मनावर घेत नाही. लहान मुलं तर मुळीच घेत नाहीत, त्यांना धूर आधी दिसतो.

पहिलं काम म्हणजे मागच्या वर्षभराची वीजबिलं टेबलावर मांडा. संग्रहालयाची बरीचशी वीज हवा थंड आणि कोरडी ठेवण्यात जाते. आम्ही शिकलो तेव्हा तापमान 20 ते 22 अंश आणि आर्द्रता 50 टक्के हा आकडा देवाच्या पोथीसारखा पाठ करून घेतला होता. पुढे आमच्याकडे बचतीचा हुकूम आला: संध्याकाळी सहाला एसी बंद, सकाळी नऊला सुरू. जुलै महिना होता. पंधराएक दिवसांनी मी कोठीचं दार उघडलं तर ओल्या पोत्यासारखा वास आला. एका तैलचित्राची चौकट भिंतीपासून सरकवली, तर कॅनव्हासच्या पाठीवर पांढरट ठिपके. मऊ ब्रश फिरवला तशी त्यांची भुकटी उडाली. बुरशी होती. आर्द्रता नोंदवणाऱ्या यंत्राचा आलेख काढला तो करवतीच्या दातांसारखा निघाला: दिवसा पंचावन्नच्या आसपास, रात्री ऐंशीच्या वर, रोज. एसी थांबल्यावर बाहेरची दमट हवा आत शिरत होती आणि अजून गार असलेल्या भिंतींना, वस्तूंना लागून ओल धरत होती.

त्यावरून मी एक गोष्ट शिकले. लाकूड, कागद, कातडं, रंग यांना गारव्याइतकंच, किंबहुना जास्तच, स्थैर्य लागतं. रोजचे हेलकावे त्यांना मारतात. मग आम्ही सगळ्या कोठीला 22 अंशांवर ठेवण्याचा हट्ट सोडला आणि तापमान ऋतूबरोबर सावकाश वरखाली होऊ दिलं. दारांच्या फटींना रबर लावलं, बहुतेक वस्तू घट्ट बसणाऱ्या लाकडी कपाटांत सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) घालून ठेवल्या आणि अगदी नाजूक वस्तूंसाठी एकच छोटी खोली राखून तिथे हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र बसवलं. बुरशी परत आली नाही आणि बिल उतरलं. जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांचा बिझो नावाचा गट आहे. त्यानेही आता बहुतेक वस्तूंसाठी 16 ते 25 अंश आणि 40 ते 60 टक्के आर्द्रता एवढी सैल मर्यादा मान्य केली आहे. समितीत कोणी जुना आकडा पुढे केला तर हे सांगा.

आणि आपल्याकडच्या पोथ्या आठवा. वरखाली लाकडी फळ्या, त्यांच्याभोवती सुती कापडाचं घट्ट बासन, आत वेखंडाचा तुकडा, आणि हे सगळं लाकडी पेटीत. बासन ओल आधी स्वतः झेलतं, पानांपर्यंत ती हळूहळू पोचते. एवढ्या तयारीवर कागदाने शेकडो पावसाळे काढले आहेत. तुमच्या संग्रहात पोथ्या असतील तर त्यांच्यावरची जुनी बासनं काढून प्लास्टिकच्या पिशव्या घालू नका, एवढी कळकळीची विनंती.

आता बाग. पाचोळा जाळणं उद्यापासून बंद करा, याला एक रुपयाही लागत नाही. कोपऱ्यात जाळीचा हौद करा, पानं, शेण आणि पाणी यांचे थर द्या, पावसाळा सरला की मऊ काळं खत मिळेल. राहिलेला पाला झाडांच्या बुंध्याभोवती पसरा, उन्हाळ्यात पाणी कमी लागेल. बुंध्याला काँक्रीट किंवा फरशी भिडली असेल तर ती फोडून माती मोकळी करा.

याबद्दल लंडनच्या क्यू उद्यानातली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे 1798 साली लावलेला टर्नरचा ओक आहे. 1980 च्या दशकात तो खंगत चालला होता. ऑक्टोबर 1987 च्या वादळाने तो मुळांसकट वर उचलला आणि तिथेच परत टेकवला. त्या रात्री बागेतली सुमारे 700 झाडं पडली होती, त्यामुळे त्याला टेकू देऊन पुढे बघू असं ठरलं. तीन वर्षांनी त्याच्याकडे लक्ष गेलं तर तो कित्येक वर्षांत नव्हता इतका जोमात. वर्षानुवर्षं माणसांच्या पावलांनी दडपलेली माती वादळाने सैल केली होती, मुळांना हवा आणि पाणी मिळालं होतं. तेव्हापासून क्यूमधले लोक झाडांभोवतीच्या जमिनीत दाबाने हवा सोडून ती मोकळी करतात. आपल्याकडे रस्त्यावरचं झाड पावसाळ्यात पडलं की 'म्हातारं होतं' म्हणून आपण मोकळे होतो. बुंध्याशी किती माती उघडी होती, हे एकदा वाकून पाहावं.

मोठं काम कसं दिसतं याचं माझ्या पाहण्यातलं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं. माझा भाऊ तिथे असतो. आपली मंडळी त्या शहरात गेली की पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात आवर्जून जातात, मी मात्र आधी फिप्स पाहायला गेले. 1893 साली पोलादाच्या धंद्यातल्या हेन्री फिप्स यांनी शहराला दिलेली ही काचेची वनस्पतीशाळा. पूर्वी महापालिकेचं आवार असलेल्या खराब जागेवर या संस्थेने 2012 साली एक नवी इमारत उभी केली. ती वर्षभरात जेवढी वीज वापरते तेवढी तिथेच तयार करते. स्वच्छतागृहातलं पाणी बाहेर जात नाही. ते आधी पाणथळ वनस्पतींच्या वाफ्यांतून, मग वाळूतून, मग अतिनील किरणांखालून जातं आणि पुन्हा फ्लशला येतं. ते वाफे पाहणाऱ्यांच्या वाटेवरच आहेत. एक शाळकरी मुलगा गवताकडे बोट दाखवून आईला विचारत होता, 'म्हणजे हे आपलंच पाणी?' आई वाकून पाहू लागली. माझ्या मते त्या सबंध इमारतीचं सार त्या वाकण्यात होतं. एवढा पैसा तुमच्याकडे नाही, माझ्याही संस्थेकडे नाही. पण हात धुतलेलं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून बागेत सोडायला गावातला प्लंबर पुरतो. फक्त तो वाफा मागच्या अंगाला लपवू नका, दारातच करा.

आणखी एक गोष्ट फक्त अशाच संस्था करू शकतात, ती म्हणजे दीर्घकाळाची नोंद. जुन्या वनस्पतीसंग्रहातल्या प्रत्येक वाळवलेल्या नमुन्यावर जागा आणि तारीख असते, फूल असेल तर तेही कागदावर असतं, म्हणजे फुलण्याची वेळ वर्षांगणिक कशी सरकली ते त्यावरून ताडता येतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला ब्लॅटर संग्रह किंवा पुण्यातला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह ही त्या अर्थाने हवामानाची दप्तरंच आहेत. तुमच्याकडे तसं काही नसेल तर आजपासून सुरू करा. बागेतले दहा वृक्ष निवडा: बहावा, पळस, पांगारा, आंबा, कडुनिंब. पहिली कळी, पहिलं फूल, पानगळ असं शाळेतल्या मुलांकडून दर आठवड्याला वहीत लिहून घ्या. सीझनवॉच हा देशभरचा उपक्रम याच कामाचा आहे, त्यात नाव घाला. एका वर्षाच्या वहीतून काही कळणार नाही. वीस वर्षांच्या वह्या कपाटात जपून ठेवायला संग्रहालयासारखी दुसरी जागा कोणती?

रोपवाटिका असेल तर शोभेची परदेशी झुडपं कमी करून आपल्या भागातली रोपं वाढवा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी दुर्मीळ कंदीलपुष्पांसाठी केलेलं काम पाहा, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, एवढंसं फूलसुद्धा बागेच्या आधाराने टिकू शकतं. मुंबईतल्या राणीबागेच्या आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तुमच्यासारखीच जोडी. तिथले जुने वृक्ष आज उभे आहेत, कारण पुनर्विकासाचा मोठा आराखडा आला तेव्हा काही नागरिकांनी, त्यातही बायकांनी, वर्षानुवर्षं झाडांची बाजू लावून धरली. तुमच्या गावातली अशी माणसं शोधून समितीत घ्या.

शेवटचं, आणि मला स्वतःला सगळ्यात तातडीचं वाटणारं. आपल्याकडच्या कितीतरी सार्वजनिक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चार-पाचला उघडतात. मे महिन्यात मी दुपारी दोन वाजता एका बागेवरून जात होते. आत वडाखाली गार सावली होती आणि फाटकाला कुलूप. बाहेर फूटपाथवर, कुंपणातून बाहेर आलेल्या एका फांदीच्या टीचभर सावलीत, तीन माणसं दाटीवाटीने बसली होती. एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून, एक मुलगा जेवणाच्या डिलिव्हरीची पिशवी मांडीवर घेऊन, आणि एक म्हातारे गृहस्थ. फांदी हलली की तिघंही थोडे सरकत होते.

पुढच्या बैठकीत हा ठराव आधी मांडा: मार्च ते जून बागेचं फाटक दुपारभर उघडं राहील, फाटकाशी पाण्याचा माठ भरलेला असेल आणि संग्रहालयाच्या व्हरांड्यात बसायला बाकं ठेवली जातील. खर्च विचारला तर माठाची किंमत आणि रखवालदाराच्या दुपारच्या पाळीचा पगार सांगा. वीजबिलात जे वाचेल त्यातून तो निघतो का, ते त्याच बैठकीत मांडून पाहा.